पडदा धुतला त्या दिवशी

कशीशो अब्लहद गेले त्याला अकरा वर्षं झाली.
जाताना किल्ली माझ्या हातात दिली,
वीतभर लांब, नांगराच्या फाळासारखी गार,
आणि म्हणाले, "सैदे, उंदीर येऊ देऊ नकोस."
एवढंच. आशीर्वाद द्यायचं बहुधा राहून गेलं,
मिनीबस हॉर्न वाजवत होती.

तेव्हापासून तूर अब्दीनच्या ह्या डोंगरात,
आमच्या बेथ-दब्शोत, याजक नाही.
वेदीवर भाकर नाही, प्याला नाही.
द्राक्षं मात्र दरवर्षी लगडतात,
त्यांना कोणी सांगितलंच नाही.

रविवारी आम्ही तिघं असतो, कुत्रा धरला तर.
बहिरा लहदो घंटा वाजवतो, स्वतःला ऐकू न येणारी.
मी दिवा लावते.
बंद पडद्यापुढे उभी राहून जेवढं पाठ आहे तेवढं म्हणते,
मधे याजकाचं वाक्य आलं की थांबते,
त्याच्या श्वासाइतकी जागा सोडते,
मग माझं उत्तर देते.

गेव्रिये स्वीडनहून फोन करतो.
"आई, इथे आपली तीन चर्च आहेत, पायाखाली गरम फरशी,
बिशप स्वतः येतात. तू तिथे कोणासाठी बसलीस?"
मला उत्तर सुचत नाही. मी विचारते, जेवलास का?

खरं सांगते, तिसऱ्या हिवाळ्यात मी डगमगले.
दोन रात्री खालच्या खोऱ्यातून गोळ्यांचे आवाज,
सकाळी बदामाखाली आमची शेळी मरून पडलेली.
बोचकं बांधलं. किल्ली कोणाला द्यायची, एवढाच प्रश्न उरला.
लहदो ती हरवणार.

मग वाटलं, जायचंच तर पडदा धुऊन जावं.
शेजारणीचं भांडं घासूनच परत करायचं असतं.

पडद्यापलीकडे बाईनं पाहायचं नसतं.
साठ वर्षं मी पाहिलं नव्हतं.
स्टुलावर चढले, डोळे मिटूनच कड्या काढल्या,
आणि तो जड, मेणाच्या धुराचा पडदा अंगावर कोसळला
तसे डोळे उघडले.

दगड.
एक दगडी वेदी, कबुतरांची घाण,
कशीशोंचा विसरलेला चष्मा, एका दांडीचा.
जिथे पाहून मी जन्मभर थरथरले
तिथे कोणी नव्हतं.

झऱ्यावर नेला. रानपिस्त्याच्या साबणानं चोळला.
पाणी आधी काळं निघालं, मग तपकिरी,
कितीजणांच्या मेणबत्त्या वाहून गेल्या कोण जाणे.
हाताला सासूनं लावलेलं ठिगळ लागलं.
त्या वर्षी तिची दोन मुलं गेली होती.
टाके सरळ आहेत.

आणि हात पाण्यात असतानाच मला कळलं,
किंवा कळल्यासारखं झालं:
तो इथे राहायला आलाच नव्हता.
आमचा प्रमुख याजक आत गेलाय,
ह्या पडद्याच्या नाही, त्या पलीकडच्या,
जो कोणी विणला नाही, ज्याला ठिगळ लागत नाही.
भोकं पडलेले हात घेऊन गेलाय.
त्याला ठाऊक आहे भीतीची रात्र कशी असते,
घामानं भिजलेली, सोबतचे सगळे झोपी गेलेले.
त्याची बदली होत नाही. त्याला व्हिसा लागत नाही.
तो एकेक नाव घेत असतो,
आणि मोठ्या गावांपासूनच सुरुवात करत असेल असं नाही.
सैदे म्हणत असेल. लहदो म्हणत असेल,
आणि ती हाक लहदोला कधीतरी ऐकू येईल.

ओला पडदा खांद्यावर टाकून चढण चढले.
वाटेत दोनदा बसले.
धैर्य वगैरे काही वाटत नव्हतं, कंबर दुखत होती.
घरी येऊन बोचकं सोडलं,
त्यातली डाळ भिजत घातली.

चष्मा काच पुसून वेदीवरच ठेवलाय.
पडदा धुतल्यावर आटला थोडा,
खालून बोटभर फट दिसते.

त्या रविवारी याजकाचं वाक्य आलं,
मी थांबले, नेहमीसारखी.
फक्त उत्तर द्यायची घाई केली नाही.